दिसतंय, साहेब

आंबिवलीच्या चाळीत राहणारा रतन कारंडे टीव्ही बघत नाही, ऐकतो. उजवा डोळा गेला, डाव्यातून जेमतेम धूसर दिसतं. त्या संध्याकाळी देशाचे मोठे नेते जनतेशी बोलणार होते, म्हणून सून संचिताने आवाज वाढवला. मोफत मोतीबिंदू शिबिरांचा घोटाळा महिनाभर गाजत होता. ठेकेदाराने भेसळीचं औषध पुरवलं, वरपर्यंत सगळ्यांनी मलई खाल्ली आणि कितीतरी माणसांचे डोळे गेले, असं एकेक बाहेर येत होतं. त्यातलंच एक शिबिर कल्याणला झालेलं, आणि रतनचा डोळा तिथलाच. आता साहेब स्वतः बोलतायत म्हटल्यावर काहीतरी मार्ग निघेल, अशी घरात सगळ्यांना आशा वाटत होती. भोळी माणसं.

साहेब बोलले मात्र झकास. विरोधकांना चिमटे काढले, मग आवाज जड केला. एकाही गरिबाचा डोळा गेलेला नाही, हे सगळं बदनामीचं कारस्थान आहे, म्हणाले. पुरावा पाहिजे ना, मग हे बघा. आणि टीव्हीतून रतनचाच आवाज आला, "दिसतंय, साहेब. सगळं स्वच्छ दिसतंय."

"बाबा, तुम्ही आहात," संचिता म्हणाली. "काळा चष्मा, गळ्यात हार. हसताय."

रतनला काही ते दिसलं नाही.

वाक्य त्याचंच होतं, हीच तर खरी पंचाईत. ते त्याच्या तोंडून का निघालं, हे समजायला त्याचं आयुष्य थोडं मागे जाऊन बघावं लागेल. सांगली जिल्ह्यातून तो विशीत इकडे आला आणि मानपाड्याच्या एका कारखान्याच्या बसवर ड्रायव्हर लागला. कामगारांना कल्याण स्टेशनवरून न्यायचं, पाळी सुटली की परत आणायचं. उभ्या आयुष्यात साधं कुत्रं त्याच्या चाकाखाली आलं नाही. भीती त्याला एकाच गोष्टीची वाटायची, ती म्हणजे कंपनीची वर्षातून एकदा होणारी डोळ्यांची तपासणी. त्याच्यासोबतच्या उत्तमला एका वर्षी खालची ओळ वाचता आली नाही, आणि पुढच्या पहिल्या तारखेला तो गेटवर वॉचमन होऊन सलाम ठोकत उभा. तेव्हापासून रतनने तपासणीआधी तक्त्यावरची अक्षरं पाठ करायला सुरुवात केली. डॉक्टरांच्या खोलीत पाऊल टाकतानाच तो म्हणायचा, "दिसतंय, साहेब." लोक देवळात शिरताना हात जोडतात, तितक्या सवयीने.

शिबिरात पट्टी सोडली तेव्हा समोर कॅमेरे, पुढारी, हारतुरे. डॉक्टरांनी विचारलं, "काका, बोटं किती?" शेजारच्या खाटेवरचा माणूस आत्ताच "दोन" म्हणाला होता. रतनला पांढऱ्या उजेडापलीकडे काही कळत नव्हतं, पण तोंडाने आपलं काम केलं. "दोन," तो म्हणाला, आणि पुढे ते नेहमीचं वाक्य. टाळ्या पडल्या. तिसऱ्या दिवशी डोळा सुजून बंद झाला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

भाषणानंतर चाळीत जो तो त्याच्याकडे पेढे मागायला लागला. पण मानपाड्याहून एक बाई रिक्षा करून आल्या, त्यांना पेढे नको होते. हेमा दातार, बालवाडीच्या निवृत्त बाई. त्याच शिबिरात त्यांचे दोन्ही डोळे गेलेले. मुलगी स्वप्ना त्यांचा हात धरून होती.

"तुम्हाला मी दिसते का हो?" हेमाबाईंनी विचारलं.

"कोणीतरी बसलंय, एवढंच."

"मग ते टीव्हीवर?"

"सवयीने बोललो, बाई."

स्वप्नाने सांगितलं की मोठ्या इस्पितळात लवकर उपचार झाले तर आईच्या एका डोळ्याची थोडी आशा आहे. पण डोळा शिबिरात गेला हे सरकारने मानल्याशिवाय तिथे घेत नाहीत. "आता जिथे जावं तिथे तुमचा व्हिडिओ दाखवतात, काका."

रतनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याच दिवशी तो सुदेशकडे गेला. सुदेश म्हणजे त्याला शिबिरात घेऊन गेलेला पक्षाचा कार्यकर्ता. पोरगा मनाने वाईट नव्हता, नुसता घाबरट होता.

"काका, अख्ख्या देशासमोर साहेब बोलले की तुम्हाला दिसतं," तो म्हणाला. "आता मी कसं बोलू दिसत नाही? माझी वाट लागेल ना."

"अरे, पण डोळा माझा आहे."

"तो पण आता साहेबांचाच झाला, काका. गप बसा, शांतीत राहा."

पण रतन गप्प बसला नाही. कोणाचे डोळे गेले ते तपासायला कल्याणला चौकशी समिती आली तेव्हा तो संचिताला घेऊन सकाळीच जाऊन बसला. हेमाबाईही आल्या होत्या. रतनचा नंबर आधी लागला. आत तिघे साहेब होते. एकाने बोटं समोर धरली. जन्मात जे वाक्य डॉक्टरांपुढे काढलं नव्हतं, ते त्याने काढलं.

"दिसत नाही, साहेब."

"पण ऑपरेशननंतर तर दिसत होतं. तुम्हीच म्हणालात."

"ते खोटं बोललो मी."

"का?"

मग रतनने सगळं सांगितलं. कंपनीची तपासणी, उत्तम, पाठ केलेली अक्षरं. इतकी वर्षं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं ते तीन परक्या माणसांना सांगून टाकलं. त्याला हलकं वाटलं. आता तरी हे मानतील, असंही वाटलं.

मधले साहेब खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे तपासणीत खोटं बोलायची तुम्हाला जुनी सवय आहे," ते म्हणाले. "मग आज खरं बोलताय हे आम्ही कशावरून धरायचं?"

संचिताने त्याला उठवून बाहेर आणलं.

"सांगितलंत?" बाकावरून हेमाबाईंनी विचारलं.

"सांगितलं."

"बरं झालं." त्यांनी चाचपत त्याचा हात शोधला आणि दाबला. मग त्यांचं नाव पुकारलं गेलं आणि स्वप्ना त्यांना आत घेऊन गेली.

दार अर्धवटच लागलं होतं. हेमाबाईंचा वर्गात बोलावा तसा स्पष्ट आवाज बाहेर आला, "मला दोन्ही डोळ्यांनी काही दिसत नाही." साहेब समजुतीच्या सुरात काहीतरी म्हणाले, बाई, त्याच दिवशी, त्याच औषधाने यांना दिसायला लागलं, हे बघा, म्हणजे ऐका. कोणीतरी मोबाईलवर काहीतरी लावलं.

बाकावर बसलेल्या रतनने दोन्ही कानांवर हात ठेवले. तरी आवाज आलाच.

"दिसतंय, साहेब. सगळं स्वच्छ दिसतंय."