बॉटल पामचा फुलोरा

आमच्या समोरच्या काकांइतका पाममय माणूस अख्ख्या कोलकात्यात दुसरा नसेल, आणि नाही तेच बरं. एका शहराला असा एक पुरे. बँकेतल्या बदलीने आले आणि निवृत्तीनंतरही इथे आमच्या बेहाल्यातच राहिले, कारण घरापुढे हातभर बाग होती आणि तिच्यात पामशिवाय दुसरं झाड नव्हतं. गल्ली त्यांना पामबाबू म्हणते. माणूस बघून पाम सुचवणं हा त्यांचा छंद. मी आयटीत आहे कळताच त्यांनी मला अरेका आणून दिला. सावलीत राहतो आणि तक्रार करत नाही, म्हणून. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी दुमजली घरापुढे रॉयल पामची जोडी लावली, तेव्हा काकांनी त्यांच्याकडून रक्तदाब तपासून घेणंच सोडलं. राजवाड्याचं झाड दारात लावणाऱ्याचा काय भरवसा, असं त्यांचं म्हणणं. फिशटेल एकदा वरून खाली फुलत आला की मरतो, हे ते लग्नघरातसुद्धा समजावून सांगत. बराकपूरला त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या अंत्यदर्शनाला आम्ही बरोबर गेलो होतो. काका पायांशी फुलं ठेवून वळले ते थेट जिन्यातल्या चायना पामकडे. कुंडीतली चिमूटभर माती त्यांनी जिभेवर ठेवली आणि सहकाऱ्याच्या रडणाऱ्या मुलाला हळूच सांगितलं की पाणी फार होतंय. माती चाखून झाडाचं दुखणं ओळखणं ही त्यांची खास विद्या. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकू गुहागरच्या. निवृत्तीनंतर तिकडे जाऊन राहायचं, असा शब्द काकांनी दिला होता आणि दर वर्षी त्याला एखादा पाम आडवा येत होता. शेवटी काकूंनी फारच लावून धरलं, तेव्हा बागबाजारच्या रविवारच्या झाडांच्या बाजारातून त्यांनी एक बॉटल पाम आणला, मोठ्या कुंडीत लावला आणि जाहीर केलं की याला पहिला फुलोरा आला की निघायचं. फुलायला बॉटल पामइतका आळशी पाम दुसरा नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मला त्यांचा राग आला. काकू हसल्या आणि रोज त्याला पाणी घालू लागल्या.

पुढे काकूंचं हृदय थकलं. पायांना सूज येऊ लागली आणि मीठ बंद झालं. काकाही अळणी जेवू लागले. तरीही मिठाची बरणी रिकामी होत होती. काकू चोरून मीठ खातात, असं धरून काका त्यांना बोल बोल बोलले. काकूंनी ऐकून घेतलं, सफाई दिली नाही.

एका सकाळी मी त्यांच्या फाटकाशी असताना काकांनी बॉटल पामचा मधला कोंब धरला आणि तो अलगद हातात आला. आत सगळा कुजलेला. त्यांनी माती जिभेवर ठेवली आणि व्हरांड्यातल्या काकूंकडे पाहिलं.

"अगं, खारट लागतेय," ते म्हणाले.

"आमच्याकडे माडाला मीठ घालतात," काकू म्हणाल्या. "वाटलं, लवकर फुलेल. माझ्याकडे तेवढा वेळ नाही हो आता."

काका पायरीवर बसले. मला वाटलं होतं, चिडतील. त्यांनी मला गुहागरला जायची तिकिटं काढायला सांगितली. माझा राग तिथेच संपला; त्या माणसाकडे बघवत नव्हतं.

दुर्गापूजेची गर्दी ओसरल्यावरची तिकिटं मिळाली. काकूंनी बसल्या बसल्या बॅग भरली, बहिणीला फोन करून पुढची खोली झाडून ठेवायला सांगितलं. गल्लीत पूजेच्या मांडवाचे बांबू उभे राहिले त्या आठवड्यात त्या झोपेतच गेल्या.

दिवसकार्य उरकल्यावर मी म्हटलं, काका, चला, मी तुम्हाला गुहागरला सोडून येतो. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"तिला न्यायचं होतं," ते म्हणाले. "मी एकटा जाऊन तिच्या बहिणीला काय सांगू, कशासाठी थांबलो होतो?"

काका अजून बेहाल्यातच आहेत. ती बहीण दर रविवारी फोन करते. काका तिला इथल्या हवेचं दोन शब्दांत सांगतात. मग ती तिकडचं सांगत राहते, विहिरीला किती पाणी आहे, शेजारी कोण आलं, आणि ते मध्ये एकदाही न बोलता सगळं ऐकून घेतात.