मोडलं की बाळकुम

"मोडलं की बाळकुम!" खुर्चीत टेकता टेकता काकू हे वाक्य टाकायच्या आणि मग बाही वर करायच्या. डोंबिवलीतल्या एका पॉलिक्लिनिकात मी रक्त काढते. सुई बघून लोक देवाचं नाव घेतात, ह्या बाळकुमचं घ्यायच्या.

ठाण्यात बाळकुमला त्यांच्या मुलाचा बाविसाव्या मजल्यावर फ्लॅट. काकू एकट्या, आमच्या गल्लीतल्या बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. माळ्यावरचा डबा काढताना पडून मनगट एकदा मोडलेलं. तेव्हाच मुलानं बजावलेलं, आता दुसरं हाड मोडलं की इथला गाशा गुंडाळायचा.

"बाविसाव्या मजल्यावरून भाजीवाला ओळखू येत नाही गं. घासाघीस कोणाशी करू, ढगांशी?"

जन्मभर शाळेत पीटी शिकवलेली बाई. स्वतःची उंची दोन बोटं घटलेली, पण वेटिंगमध्ये कुणी पोक काढून बसलं की खेकसायच्या, "पाठ सरळ!" एकदा औषध कंपनीचा एक एमआर बॅगेसकट उभाच राहिला.

त्यांची तपासणी हाडांच्या झिजेची. स्कॅनमध्ये हाड किती उरलंय ते दिसतं, रक्तात ते किती वेगानं झिजतंय ते. सकाळी, उपाशीपोटी यायचं. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "काही खाल्लं नाही ना?"

"छे. फक्त चहा. आणि चहात बुडवलेलं बटर."

"काकू!"

"अगं, बुडवलेलं खाण्यात धरत नाहीत."

घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी आल्या त्या तोंड फुगवून, जसं काही त्यांचं बटर मीच खाल्लं होतं.

खरी गंमत पुढेच. हाडांची गोळी सुरू होऊन कितीतरी महिने झाले, आठवड्यातून एक, दर सोमवारी. तरी झिजेचा आकडा जिथल्या तिथे. डॉक्टरांची केबिन आणि माझी खोली यांच्यात एक प्लायवुड आहे. मला सगळं ऐकू येतं. उगाच सोवळेपणा कशाला, मी कान देऊनच ऐकते.

"गोळी घेता ना?"

"एक सोमवार चुकवला नाही."

"कशाबरोबर?"

"दुधाबरोबर! हाडांची गोळी आहे, मग काय सोड्याबरोबर घेऊ?"

डॉक्टर म्हणाले, "काकू, दुधामुळे ती अंगी लागतच नाही. इतके महिने तुम्ही ती नुसती गिळलीत. झीज अशीच राहिली तर पुढच्या पडण्यात खुबा जाईल." उठल्याउठल्या साध्या पाण्याबरोबर घ्यायची, मग अर्धा तास खायचं-प्यायचं नाही, आडवं व्हायचं नाही, ताठ बसायचं.

"अर्धा तास नुसती बसू? मी काय पाटावरचा गणपती आहे?"

बाहेर आल्या तेव्हा मात्र चेहरा उतरलेला. माझा हात धरून म्हणाल्या, "मला माझं घर सोडायचं नाहीये गं." एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते, त्या दिवशी मी त्यांची बाही तेवढी खाली ओढून दिली. फार वाईट वाटलं.

त्यानंतर बाई बसली. सोमवारी कामावर येताना मी खालून बघायचे, गॅलरीत खुर्ची आणि खुर्चीत ताठ काकू. भाजीवाला हाका मारून गेला तरी हलायच्या नाहीत. पुढच्या तपासणीत आकडा चक्क निम्म्यावर! काकूंनी भल्या सकाळी वेटिंगमध्ये पेढे वाटले. शुगरसाठी उपाशी आलेल्यांनीही खाल्ले, सगळ्या तपासण्यांची वाट लागली. मी ओरडले तर म्हणतात, "बुडवून खायला सांगायचं होतंस."

मग एका रविवारी मुलगा आला, आईला पुन्हा समजवायला. त्या नाही म्हणाल्या. तणतणत जिना उतरताना त्याचाच पाय घसरला आणि घोटा मोडला. सून दिवसभर नोकरीला. काकूंनी त्याच संध्याकाळी पिशवी भरली.

"मोडलं की बाळकुम, ठरलंच होतं," त्यांनी फोनवर सांगितलं. "कुणाचं मोडेल ते ठरलं नव्हतं."

"परत कधी?"

"प्लास्टर निघू दे त्याचं."

प्लास्टर निघालं. काकू आल्या नाहीत. गॅलरीचं दार बंदच. शेवटी एका सोमवारी न राहवून मीच फोन केला.

"अगं, माझी गोळी झाली की हा समोर येऊन बसतो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "अख्खा अर्धा तास. शाळेत होता तेव्हापासून असा बसला नव्हता गं माझ्याजवळ."

मी काही बोलणार, तेवढ्यात फोनमध्ये त्या कुणावर तरी खेकसल्या, "पाठ सरळ!"

इकडे डोंबिवलीत मीही सरळ झाले.