जिन्यातला फळा

आमच्या खालच्या मजल्यावरचे काका रेल्वेतून रिटायर झालेत. सकाळी फिरायला ते बागेत जात नाहीत, दवाखान्यात जातात. रोज वेगळ्या. इमर्जन्सीच्या खिडकीशी दोनच प्रश्न विचारतात, "आयुष्मान कार्ड चालते का? अन् आता डॉक्टर कोण बसून राहिले?" मग त्या डॉक्टरला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हलत नाहीत. परत आले की जिन्यात त्यांनीच टांगलेल्या फळ्यावरची त्या दवाखान्याची जुनी ओळ कोपराने पुसून नवी खडूने लिहितात: नाव, कार्ड, डॉक्टर.

एकदा ऑफिसात ऐकलेलं एका दवाखान्याचं नाव मी त्यांना फळ्यासाठी सांगितलं. "तुमी सोता पाह्यलं का? नाही ना. मंग राहू द्या," म्हणाले. मला रागच आला होता. त्यांच्या या हट्टाला बिल्डिंगमध्ये सगळेच हसायचे.

गेल्या आठवड्यात दुपारी सासूबाईंना श्वास घेता येईना. मोबाइलवर सापडलेल्या दोन दवाखान्यांत कोणी फोनच उचलला नाही. त्यांना धरून जिना उतरताना फळा दिसला. सगळ्यात वरचं नाव वाचलं आणि ऑटोत बसलो. डॉक्टर होता. त्याने आधी ऑक्सिजन लावला, कार्ड नंतर मागितलं.

सासूबाईंना घरी आणलं त्या दिवशी काका फळ्याशीच उभे होते. मी सगळं सांगितलं.

"हव," म्हणत त्यांनी त्याच दवाखान्याची ओळ कोपराने पुसून टाकली. मी पाहतच राहिले. त्यांनी खडू माझ्यापुढे धरला.

"आता तुमी पाह्यलं ना. तुमीच लिवा."