माणगावपर्यंत चौदा टक्के

मे महिना, तिसरा रविवार. हजर: मी, नवरा आणि शोरूममधून ओळखीने एका दिवसासाठी मिळालेली विजेवरची गाडी. पलीकडच्या टोकाला, पोलादपूरच्या पुढे डोंगरातल्या गावात, माझे बाबा. वय ऐंशीच्या वर, घरात एकटे.

मार्चमध्ये बाबा न्हाणीघरात पडले. शेजाऱ्यांचा फोन आला तेव्हा आमची पेट्रोलची गाडी वर्कशॉपमध्ये होती. आमच्या घरून, किहीमहून, मी एसटी बदलत गेले आणि सात तासांनी पोहोचले. तोपर्यंत ते तसेच खाटेवर, पाय सुजलेला. त्या सात तासांनंतर नवीन गाडीचं ठरलं. लहान बॅटरीची आठवड्यात मिळणार होती, मोठ्या बॅटरीला चार महिने थांबायचं, म्हणजे सगळा पावसाळा. शोरूमला उत्तर त्या रविवारी संध्याकाळी सहापर्यंत द्यायचं होतं. म्हणून लहान बॅटरीच्या याच गाडीने बाबांकडे जाऊन येऊन बघायचं, असा माझा बेत होता.

जाताना सगळं मी वहीत मांडलेल्या हिशोबाप्रमाणे झालं. निघताना शंभर टक्के, माणगावला सहासष्ट, बाबांच्या दारात चाळीस. मी खूश. तिथे घरच्या प्लगला गाडी लावायची, जेवण होईपर्यंत थोडी भरायची आणि परतीला माणगावच्या हॉटेलात चार्जरवर पूर्ण भरायची.

प्लग लावला. गाडीने लाल दिवा दाखवला. काढून पुन्हा लावला. पुन्हा लाल.

"अर्थिंग नाही तुमच्याकडे," नवरा बोर्डाकडे बघत म्हणाला. "अर्थिंग नसेल तर ही चार्ज होत नाही."

"माझा पंखा चालतो, दिवा लागतो," बाबा म्हणाले. "तुमच्या गाडीचे नखरे आहेत ते."

मी हिशोब केला. माणगाव ते गाव सव्वीस टक्के लागले होते. परतीला तेवढेच धरले तरी माणगावला चौदा उरतात, आणि सुरुवातीला तर उतारच. चालेल. वहीत चौदा लिहून खाली रेघ मारली.

मग आम्ही निघायची तयारी केली आणि बाबांनी आमची डिकी उघडायला लावली. आंब्याच्या तीन पेट्या. दोन फणस. तांदळाची गोणी. आमसुलांची बरणी. हे दर वेळचंच. आमच्याकडे लेकीची गाडी माहेरून रिकामी जात नाही, आणि तरीही माझ्या यादीत 'वजन' असा रकानाच नव्हता. सकाळी आम्ही दोन माणसं आणि पाण्याची एक बाटली घेऊन आलो होतो.

शेवटी बाबांनी शेजाऱ्याला हाक मारली आणि दोघांनी आईचं जातं ओढत आणलं.

"बाबा, हे नको आता."

"मग कधी? मी गेल्यावर? तेव्हा कोण देणार तुला, बाय?"

नवरा माझ्या कानाशी कुजबुजला, "टेस्ट ड्राइव्हला जातं घेऊन जाणारे आपण पहिलेच."

जातं मागच्या सीटवर ठेवलं. पट्टा लावला.

महाडपर्यंत आकडा ठीक होता. माणगावच्या अलीकडे गाड्या थांबल्या. रविवार, सुट्ट्या संपत आलेल्या, अख्खं कोकण मुंबईला परत निघालेलं. घड्याळात साडेचार, बॅटरी पंधरा. गाडी चालत नव्हती, पण एसी चालू होता. चौदा. मी एसी बंद केला. काचा खाली केल्या तर डिझेलचा धूर आणि ऊन आत.

"गाडीतला पंखा तरी लाव," नवरा म्हणाला.

"नाही."

"मग आंबे पिकतील इथेच."

मी हसले नाही. बारा. थोडं सरकलो, थांबलो. एक चढ, भरलेली गाडी. दहा. मागून ट्रकवाला हॉर्न देत होता. मी वही उघडली आणि मिटली. लिहिण्यासारखं काहीच नव्हतं. साडेपाचला आठ.

हॉटेलच्या आवारात वळलो तेव्हा सात. चार्जरसमोर एक पेट्रोलची गाडी उभी, आत कोणी नाही.

"मालक आत जेवतायत," वॉचमन म्हणाला. "येतील पाच मिन्टांत."

"मी आत जाऊन आणते त्यांना."

"ताई, जेवू द्या की."

मी गेलेच. मिसळीच्या तीन टेबलांवर विचारल्यावर तो माणूस सापडला. पाव हातात घेऊनच बाहेर आला, मला दोन शब्द सुनावून गाडी काढली. प्लग लावला. हिरवा दिवा लागला तेव्हा सहाला पाच कमी होते आणि फोन वाजत होता. शोरूम.

"थांबूया का मोठीसाठी?" नवऱ्याने विचारलं. त्याच्या शर्टाची पाठ भिजली होती.

मी वहीचं मागचं पान बघितलं. जाताना चाळीस टक्के उरले होते. बाबांसाठी धावायचं झालं तर ते अंतर जायचंच आहे, आणि तेवढं ही बॅटरी सहज जाते. आज आम्ही अडकलो ते परतीला. परत यायला घाई नसते. तिथे रात्रभर प्लग चालला, की झालं.

"लहानच घेतो," मी फोनवर म्हणाले. "याच आठवड्यात द्या."

गाडी आली. त्यानंतर तीनदा जाऊन आलो, दर वेळी माणगावला थांबून. वायरमनने अर्थिंगची जागा दाखवली आहे: अंगणात खोल खड्डा, त्यात मीठ आणि कोळसा. बाबा म्हणतात, "आत्ताच सारवलंय. पावसाळ्यानंतर बघू." पावसाळ्यानंतर पुन्हा सारवलं.

वहीत पहिल्या ओळीवर अजून तेच आहे: बाबांच्या घरी अर्थिंग. समोरचा चौकोन रिकामा.