साठीनंतरची फर्स्ट शिफ्ट

विमा कंपनीतल्या मुलीचा फोन आला तेव्हा मी दुधाची पिशवी कात्रीने कापत होतो. मेडिक्लेमचं नूतनीकरण आलंय, असं म्हणून तिने हप्त्याचा आकडा सांगितला. मला नीट ऐकू आलं नाही असं वाटून मी परत विचारलं. तिने तोच आकडा पुन्हा सांगितला. मागच्या वर्षीपेक्षा बारा हजारांनी जास्त.

"अहो मॅडम, आम्ही दोघांनी वर्षभरात एक रुपयाचा क्लेम केलेला नाही. मग वाढ कशाची?"

"सर, तुमचा एज स्लॅब बदललाय."

म्हणजे मी एकसष्ट वर्षांचा झालो, हीच माझी चूक. मी फोन ठेवला. दूध ओट्यावर सांडलं होतं. बायको फडकं घेऊन आली आणि पुसता पुसता म्हणाली, "किती म्हणतेय?" मी सांगितलं. ती फडकं पिळत तशीच उभी राहिली.

बत्तीस वर्षं मी पिंपरीतल्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये ग्राइंडिंगचं, म्हणजे लोखंड चाकावर घासून मापात आणायचं, काम केलं. केसापेक्षा बारीक फरक मला बोटाने कळायचा. मायक्रोमीटर लावायच्या आधी मी सांगायचो, इथे थोडं जास्त राहिलंय. मग कंपनीने पिंपरीची जागा विकली, कारखाना चाकणला नेला आणि आमच्यासारख्या जुन्यांना पैसे देऊन घरी बसवलं. आज त्या जागेवर बावीस मजली इमारती आहेत. पुढची चार वर्षं मी भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये काढली आणि अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर थांबलो.

लोकांना वाटतं, कंपनीतला माणूस, भरपूर मिळालं असेल. मिळालं. पण पीएफ मी मध्येच तीनदा काढला होता. एकदा रहाटणीच्या या फ्लॅटसाठी, एकदा मुलीच्या लग्नात, एकदा मुलाच्या इंजिनीअरिंगला. तिन्ही वेळा फॉर्मवर सही करताना मला अभिमान वाटला होता. कोणापुढे हात पसरला नाही, आपलेच पैसे आपण काढले! आता त्या सह्या आठवल्या की स्वतःचाच राग येतो. पण नसत्या केल्या तर घर कुठून आलं असतं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. कंपनीने दिलेली रक्कम बँकेत ठेवली होती, तिच्या व्याजाचा दर दर वेळी थोडा खाली येत गेला. आणि पेन्शन महिन्याला दोन हजार नऊशे रुपये. पहिल्यांदा पासबुक भरायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या माणसाने साधेपणाने विचारलं होतं, "काका, बाकीची दुसऱ्या खात्यात येते का?"

हप्ता भरला नाही तर विमा जाणार, आणि या वयात नवा मिळणार नाही. एकदम भरला तर बँकेतली ठेव मोडावी लागणार, महिन्याच्या हप्त्यांनी भरायचा तर दर महिन्याला तेवढे पैसे यायला हवेत. मुलाला सांगायचं नाही, असं आमचं दोघांचं ठरलेलं होतं. त्याने मारुंजीत फ्लॅट घेतलाय, निम्मा पगार कर्जाच्या हप्त्यातच जातो. मग मीच म्हणालो, "मी कामाला जातो."

"कोण घेणार तुम्हाला?" बायको म्हणाली. टोमणा नव्हता तो, खरंच विचारत होती.

आमच्या जुन्या कंपनीतल्या एकाने चाकणच्या लेबर कॉन्ट्रॅक्टरचा पत्ता दिला आणि जाताना म्हणाला, "केस काळे करून जा राव." आयुष्यात मी कधी केसांना रंग लावला नव्हता. बायकोने किराणा दुकानातून पुडी आणली. बाथरूममध्ये स्टुलावर बसवून, खांद्यावर जुना टॉवेल टाकून ती जुन्या टूथब्रशने रंग लावत होती. तिला हसू येत होतं. मग हसता हसता तिचा हात मध्येच थांबला. मान खाली घातलेली असल्यामुळे मला तिचा चेहरा दिसत नव्हता, आणि ते बरंच होतं.

कॉन्ट्रॅक्टरचं ऑफिस म्हणजे चाकण चौकापुढे एका गाळ्यात दोन टेबलं. तिथे बसणारा सुपरवायझर तिथल्याच गावचा, पस्तिशीचा. त्याने माझं आधार कार्ड पाहिलं, मग मला पाहिलं.

"काका, कलर केलाय व्हय?"

माझा हात आपोआप केसांकडे गेला.

"आवो, लाजू नका. सगळेच करत्यात. पन अठ्ठावनच्या पुढचा माणूस आमाला कागदावर घेता येत न्हाई. पीएफ न्हाई, विमा न्हाई. रोजचे साडेपाचशे, रोख. चालंल?"

मी टूलरूमचा माणूस आहे, बत्तीस वर्षं ग्राइंडिंग केलंय, असं सांगायला सुरुवात केली. त्याने मान डोलवली आणि एका कोऱ्या कार्डावर लिहिलं: हेल्पर.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला काळेवाडी फाट्यावरून बस पकडायची. बसमध्ये सगळी पोरं, कानात वायरी घालून झोपलेली. मोशीच्या पुढे गाडी अडकली की तासभर हलायची नाही. उशीर झाला तर अर्ध्या तासाचे पैसे कापायचे. काम असं की मशिनवरून आलेले लोखंडी तुकडे ट्रेमधून उचलायचे, कडेला धार राहिलीय का बघायची, चांगले निळ्या क्रेटमध्ये, खराब लाल क्रेटमध्ये. आठ तास उभ्याने. बसायला स्टूल नव्हतं. स्टूल ठेवलं की माणूस बसतो, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या आठवड्यात मी लाइनवरच्या इंजिनीअरला सांगितलं, "साहेब, तुमच्या ग्राइंडिंगच्या चाकाला ड्रेसिंग लागतंय, ते बोथट झालंय, म्हणून एवढे तुकडे लाल क्रेटमध्ये जातायत." पोरगा चांगला होता. त्याने ऐकून घेतलं, "हो काका, बघतो," म्हणाला आणि निघून गेला. चाक तसंच राहिलं. मी लाल क्रेट भरत राहिलो.

माझ्याशेजारी लातूरकडचा एक माणूस होता, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. प्रेस मशिनमध्ये त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धी गेलेली. त्याचीही पेन्शन माझ्याइतकीच. डबा खाताना तो म्हणायचा, "आपुन बसूनच राहिलो असतो तर लवकर मेलो असतो बघा." मला ते पटायचं नाही. मला बसून राहायचं होतं. वर्तमानपत्र वाचायचं होतं, बायकोबरोबर एकदा कोकणात जायचं होतं. बत्तीस वर्षं मी त्याचीच वाट पाहिली होती, आणि ते सांगायची मला लाज वाटत नव्हती.

चौथ्या महिन्यातली गोष्ट. सकाळी अकराच्या सुमारास सुपरवायझर धावत आला. परदेशी ग्राहकाची माणसं तपासणीला येणार होती, ती दोन तास आधीच गेटवर पोचली होती. त्याने आम्हा सहा जणांना हाताने खुणावलं. सगळे साठीचे.

"काका, चला चला, मागं चला. लवकर."

"कुठे?"

"आवो चला तर. तुमी कागदावर न्हाई ना."

शेडच्या मागे जिथे मोडकी पॅलेटं आणि भंगार टाकतात, तिथे पत्र्याखाली त्याने आम्हाला बसवलं. तीन वाजेपर्यंत बाहेर यायचं नाही. डबे आत लॉकरमध्ये राहिले होते, ते आणता येणार नाहीत. पत्रा तापलेला. सुरुवातीला आम्ही हसलो, एकाने तर लपाछपी म्हणून चेष्टाही केली. तासाभराने कोणी हसत नव्हतं. फटीतून पांढरी हेल्मेटं घातलेली माणसं दिसत होती. आमच्या जागेवर उभ्या केलेल्या पोरांना ती काहीतरी विचारत होती आणि पोरं घोकल्यासारखी मान हलवत होती.

मला लघवीला लागली. टॉयलेट शेडच्या पलीकडे, म्हणजे त्या माणसांच्या समोरून जायला हवं. मी दीड तास धरून ठेवली. शेवटी भंगाराच्या ढिगामागे गेलो. बत्तीस वर्षांत कंपनीच्या आवारात मी कधी थुंकलोही नव्हतो. परत येऊन बसलो तेव्हा लातूरचा माणूस दुसरीकडे बघत होता, मुद्दाम.

साडेतीनला आम्हाला सोडलं. शिफ्ट संपलेली होती. गेटजवळ सुपरवायझर पैसे वाटत होता. प्रत्येकाला त्याने निम्मेच दिले.

"हे काय?" मी विचारलं.

"अकरानंतर काम कुठं झालं काका? हाफ डे लावलाय."

माझा आवाज एवढा चढेल असं मलाच वाटलं नव्हतं. "आम्ही काय हौसेने जाऊन बसलो तिथे? तुझी चोरी झाकायला उपाशी बसलो! चार तास भंगारात! त्याचे पैसे तू कापतोस?"

बसच्या रांगेतली पोरं वळून बघायला लागली. त्याने माझा दंड धरून मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, वरून आर्डर हाय. माझ्या हातात असतं तर दिलं नसतं व्हय? माझ्या बापानं हिथली जमीन इकली. बंगला बांधला, गाडी घेतली, समदं संपलं. आता तो बी एका कंपनीच्या गेटवर उभा ऱ्हातो, टोपी घालून. मला कळत न्हाई का?"

त्याला आणखी काय बोलणार? ओरडायला समोर योग्य माणूसही मिळत नाही, हे त्या दिवशी मला सगळ्यात जास्त लागलं. मी हेल्परचं कार्ड त्याच्या हातात दिलं. लातूरच्या माणसाने मला थांबवलं नाही, आणि तो माझ्याबरोबर आलाही नाही. "मला परवडत नाही बघा," एवढंच म्हणाला.

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं, लघवीचं सोडून. तिने जेवायला वाढलं. माझा दुसरा भात होईपर्यंत थांबली आणि म्हणाली, "आपली बेडरूम भाड्याने द्यायची."

"आणि आपण?"

"हॉलमध्ये. दोघांना किती जागा लागते?"

मी नाही म्हणालो. चांगलं मोठ्याने म्हणालो. आयुष्यभर राबून दोन खोल्या केल्या, त्यातली एक परक्याला द्यायची? "तुम्ही चार महिने परक्याच्या शेडमध्ये उभे होतात," ती म्हणाली. "मी काही बोलले का?" मग कळलं, मी पहाटे बसमध्ये डुलक्या काढत होतो तेव्हा हिने चौकशी करून ठेवली होती. हिंजवडीला नोकरी करणाऱ्या दोन मुली, एक नांदेडची, एक सांगलीची. खोली आणि दोन वेळचं जेवण, दोघींचे मिळून सोळा हजार.

म्हणजे दहा बाय अकराची ती खोली नुसती तिथे असण्याचे पैसे, मला आठ तास उभ्याने मिळत होते त्यापेक्षा जास्त. जेवणाचा खर्च जाऊनही दहाएक हजार उरणार होते. माझ्या हातांपेक्षा माझ्या भिंतींना भाव होता. मी ताटावरून उठलो.

पुढच्या रविवारी कपाट हलवलं. डबल बेड जिन्यातून खाली नेऊन विकला. घेणाऱ्याने त्याचे भंगाराच्या भावाने पैसे दिले. मुलाला कळल्यावर तो संध्याकाळीच आला आणि हॉलमध्ये गुंडाळून ठेवलेल्या गाद्यांवर बसला.

"बाबा, मला विचारायचं तरी. लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणावं, हप्ता भरा."

"मी भरला असता."

"कुठून?" मी म्हणालो. "सांग ना, कुठून भरला असतास?"

त्याच्या आईने त्याला खुणेने पोहे खायला सांगितलं. तो खाली मान घालून खात राहिला. तेव्हा त्याच्या कानाशेजारी पांढरे झालेले केस मला पहिल्यांदा दिसले. मी उगाच ओरडलो असं वाटलं, पण तसं म्हणालो नाही. पुढच्या महिन्यात त्याने माझ्या खात्यावर तीन हजार पाठवले. त्याच्या पुढच्या महिन्यात आले नाहीत. मी विचारलं नाही.

विम्याचे हप्ते वेळेवर भरले जातात. ठेव मोडली नाही. ओळखीचे लोक म्हणतात, बघा, निघाला ना मार्ग. मुली चांगल्या आहेत, हळू बोलतात, मला काका म्हणतात, ताटं स्वतः उचलतात. बायकोला तर बरंच वाटतं; घरात पुन्हा कोणीतरी "आज भाजी काय?" असं विचारणारं आहे. मी पिंपरीच्या मंडईतून भाजी आणतो, निवडतो, कणीक मळतो.

पण मला बरं वाटत नाही, आणि ते मी लपवत नाही. सकाळी साडेसात ते साडेआठ बाथरूम मुलींचं असतं. मी गॅलरीत खुर्ची टाकून बसतो आणि आतलं पाणी वाहायचं कधी थांबतंय त्याची वाट पाहतो. कडी वाजते, मुलगी केस पुसत बाहेर येते आणि म्हणते, "सॉरी काका, उशीर झाला का?"

"नाही गं बाळा," मी म्हणतो आणि टॉवेल घेऊन उठतो.