बिल्लेवालीचा जुना कॉम्प्युटर

बादलीतले अर्धे कपडे दोरीवर गेले होते आणि अर्धे अजून पिळायचे होते, तेवढ्यात पुढच्या खोलीतून तो आवाज आला. दाताखाली खडा यावा तसा. एकदा आला, थांबला, पुन्हा आला. हातातला टॉवेल तिनं तसाच बादलीत सोडला आणि ओले हात अंगालाच पुसत ती पुढे गेली.

भरतकामाचं मशीन व्यवस्थित चालू होतं. सुई खाली-वर होत होती, फ्रेममधल्या निळ्या कापडावर पक्ष्याचा पंख भरत होता. आवाज मशीनचा नव्हताच. तो शेजारच्या टेबलाखालून, कॉम्प्युटरच्या डब्यातून येत होता. तिनं गुडघे टेकून डब्याला कान लावला. नवरा दारात पेपर वाचत बसला होता. तो म्हणाला, "काय गं, नाडी बघतेस की काय त्याची?"

"गप्प बसा जरा. ऐकू द्या."

त्यानंही ऐकलं आणि पेपरची घडी घातली.

सगळी वस्ती तिला बिल्लेवाली म्हणायची. शाळेच्या गणवेशावर छातीशी जो बिल्ला असतो, उघडं पुस्तक आणि त्याच्यावरून उडणारा पक्षी, तो ती करायची. लग्न होऊन आली तेव्हा हातानं भरायची, एकेक टाका. पुढे एक कारखाना बंद पडला, तिथलं एक मशीन आणि त्याला जोडलेला हा कॉम्प्युटर असे दोघे मिळून घरी आले. कारखान्यातली एक कारागीर बाई आठवडाभर शेजारी बसून शिकवून गेली. जाताना म्हणाली, "हे दोघं नवरा-बायको आहेत असं समज. एकमेकांशिवाय बोलत नाहीत." मशीनला फक्त त्या कॉम्प्युटरमधल्या एका प्रोग्रॅमची भाषा कळायची, आणि तो प्रोग्रॅम फक्त त्याच जुन्या सिस्टिमवर चालायचा. सिस्टिम म्हणजे काय हे तिला तेव्हा कळलं नव्हतं. फक्त सुरू करताना पडदा निळा होतो आणि मग हिरव्या टेकडीसारखं काहीतरी दिसतं, एवढं ठाऊक होतं.

पक्षी मात्र तिचा होता. पहिल्यांदा कारखान्यातून आलेल्या डिझाइनमध्ये त्याचा डोळा मिटल्यासारखा दिसायचा. शाळेच्या पक्ष्यानं झोपून कसं चालेल, म्हणून तिनं माउसनं एकेक टाका हलवत तो डोळा उघडला. कितीतरी संध्याकाळी त्यात गेल्या. तेव्हापासून बस थांब्यावर शाळेची मुलं दिसली की ती आधी छातीकडे बघायची, मग तोंडाकडे. नवऱ्याला याची लाज वाटायची. "पोरांच्या आया काय म्हणतील?" "काय म्हणतील? बिल्लेवाली बिल्ला बघते, म्हणतील."

नवरा लाइनमन होता. आयुष्यभर खांबावर चढून तारा जोडल्या, आता गुडघ्यांनी निवृत्ती दिली होती. घरातला प्रत्येक प्लग, प्रत्येक बोर्ड त्याच्या हाताखालचा. कॉम्प्युटर मात्र त्याच्या हाताखाली आला नाही. त्यासाठी कॉम्प्युटरवाला होता, बाजारात दुकान असलेला, शांत, मान वाकडी करून बोलणारा माणूस.

कॉम्प्युटरवाल्यानं डबा उघडला, आत बघितलं, आवाज ऐकला.

"काकू, हार्डडिस्क चाललीय."

"चाललीय म्हणजे चालतेय ना?"

"नाही. जायच्या वाटेवर आहे."

त्यानं नवीन डिस्क आणली, जुन्या डिस्कवरचं सगळं तिच्यावर उतरवलं. अख्खी दुपार त्यातच गेली. नवीन डिस्क लावली, पडदा निळा झाला, हिरवी टेकडी आली. तिच्या जिवात जीव आला. मग तिनं प्रोग्रॅम उघडला आणि समोर एक चौकोन उघडला. कंपनीकडून नव्यानं परवानगी घ्या, असं त्यात लिहिलं होतं. कॉम्प्युटरवाल्यानं कंपनीचा नंबर शोधला. नंबर दुसऱ्याच कुणाचा तरी होता, एका फरशीवाल्याचा. कंपनी कधीच उठून गेली होती.

"म्हणजे जुन्या डिस्कलाच तो ओळखतो," कॉम्प्युटरवाला म्हणाला. त्यानं जुनी डिस्क परत बसवली. प्रोग्रॅम मुकाट्यानं उघडला.

"मग आता?"

"आता दोनच गोष्टी. ही सिस्टिम बनवणाऱ्यांनीच केव्हाची सोडून दिलीय. नव्या डिस्कवर नवी सिस्टिम टाकतो, कॉम्प्युटर पळायला लागेल, नेट येईल, सगळं येईल. पण तुमचं मशीन त्याच्याशी बोलणार नाही."

"आणि नाही टाकली तर?"

"तर जोवर चालतंय तोवर चालेल."

"किती दिवस?"

"डॉक्टरला विचारतात तसं मला नका विचारू, काकू." मग तो म्हणाला, "एक करा. बंद करू नका. चालू आहे तोवर चालू ठेवा. या वयात झोपून पुन्हा उठायचं म्हणजे त्याला जड आहे."

"नव्या सिस्टिमशी बोलणारं मशीन मिळतं का?" नवऱ्यानं विचारलं. कॉम्प्युटरवाल्यानं किंमत सांगितली. नवरा नुसता हसला.

लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात होती. तिचा फोन आला तेव्हा बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचली होती, अर्थात बापाकडून.

"आई, किती वर्षं त्या डब्याला धरून बसणार आहेस? टाक की नवी सिस्टिम. मी तुला ऑनलाइन फॉर्म भरायला शिकवते. तुमच्या गल्लीत कुणाला येतं? लोक दारात येतील."

"मला फॉर्म नाही भरायचे."

"मग काय करायचंय?"

"पक्षी करायचाय."

"अगं, पक्ष्याला आता कोण विचारतं? शाळा आता छापील स्टिकर लावतात. इस्त्री फिरवली की चिकटतो. धुतला तरी चार महिने जातोच."

"आणि मग?"

"मग दुसरा लावायचा."

"तुझ्या शाळेच्या पहिल्या फ्रॉकवरचा बिल्ला अजून कपाटात आहे," ती म्हणाली. लेकीचा आवाज मऊ झाला. "बरं, तुला हवं ते कर. पण नंतर रडत बसू नकोस."

नवरा म्हणाला, "माझीपण सिस्टिम जुनीच आहे. बदलून टाकतेस का?"

"तुमच्यासाठी नवी कुणी बनवलीच नाही अजून. नाहीतर केव्हाच टाकली असती."

देवापुढे हात जोडून तिनं सकाळी विचारलं, नवी सिस्टिम टाकू की नको. देवावर तिचा भाव खरा होता, दिवसाची सुरुवात त्याच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय व्हायची नाही. लेकीच्या आजारपणात, नवऱ्याच्या अपघातात त्यानं ऐकलं होतं, असं ती मानायची. मशीनच्या बाबतीत तो कधी काही बोलल्याचं तिला आठवत नव्हतं. त्या दिवशीही बोलला नाही. तरी तिनं विचारलं होतं. मग उठून कपड्यांची बादली उपसली.

शाळेच्या हेडक्लार्कबाईंचा फोन दुपारी आला. नव्या वर्षाचे गणवेश शिवायला गेले होते, बिल्ले हवे होते.

"तुमच्याकडून होणार का यंदा? नसेल तर स्पष्ट सांगा हो. छापून देणारा एक जण मागेच लागलाय. मला तुमचाच पक्षी बरा वाटतो, पण वरची माणसं मला जाब विचारतात."

तिनं टेबलाखालच्या डब्याकडे बघितलं. आवाज येत होता, पण थांबून थांबून. सांगायला हवं होतं की काही खरं नाही. नवी सिस्टिम टाकून मोकळं व्हावं, लेकीचं ऐकावं, लोकांचे फॉर्म भरावे. ओठांवर आलं होतं.

"होतील," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर नवऱ्यानं विचारलं, "होतील?"

"चालू आहे ना अजून. बंद करायचा नाही, बस्स. एवढी ऑर्डर निघाली की मग बघू नव्या सिस्टिमचं."

तेव्हापासून घरात एक नियम झाला. दोघांपैकी एकानं घरात असायचंच. ती दुकानात गेली तर तो घरी, तो फिरायला गेला तर ती घरी. त्यानं स्वतःच्या हातानं एका कागदावर मोठ्या अक्षरांत "बंद करू नये" असं लिहून तो कॉम्प्युटरच्या बटणावर चिकटवला आणि त्याच्यावर आणखी एक चिकटपट्टी ओढली. शेजारीण साखर मागायला आली तरी तो आधी म्हणायचा, "आत या, पण टेबलाकडे हात नको." शेजारणीला वाटलं, नवीन काहीतरी महागडं आणलंय.

मशीनची घरघर सगळ्या घरात भरून राहिली. तिच्या तालावर त्यांची बोलणी व्हायची. बिल्ल्यांची थप्पी वाढत गेली. अर्ध्याच्या जवळ पोचली तेव्हा तिला पहिल्यांदाच वाटलं की ऑर्डर निघेल. तसं ती कुणाला बोलली नाही. बोललं की बिघडतं असं तिला वाटायचं.

मग एका सकाळी नणंदेच्या घरून फोन आला. नणंद न्हाणीघरात घसरून पडली होती, दवाखान्यात नेत होते. घरात तिचा म्हातारा नवरा आणि दुसरं कुणी नाही. लाइनमन उभा राहिला. भावाला बहिणीकडे एकटं पाठवायचं तिच्या जिवावर आलं. त्याचे गुडघे, दवाखान्याचे जिने, वर त्याचा घाबरा स्वभाव.

"मीपण येते," ती म्हणाली. फ्रेममध्ये पक्षी अर्धा झाला होता. तिनं मशीन थांबवलं. कॉम्प्युटर चालू होता, कागद बटणावर होता. तिनं पाण्याची बाटली घेतली, कपड्यांची पिशवी घेतली आणि बाहेर पडून चपला घातल्या. मागून तो आला, दार ओढलं, कुलूप लावलं.

घर रिकामं सोडायचं तर मेन स्विच खाली करायचा, ही त्याची सवय नोकरीइतकीच जुनी. तारांमुळे लागलेल्या आगी त्यानं नोकरीत फार बघितल्या होत्या. लग्नानंतर पहिल्यांदा दोघं बाहेर पडली तेव्हाही त्यानं आधी मेन स्विच खाली केला होता आणि नव्या बायकोला त्याचं कारण समजावलं होतं. मेन स्विच दाराबाहेरच्या पेटीत होता. त्यासाठी त्याला विचार करावा लागत नव्हता. कुलपाची किल्ली खिशात टाकली, हात वर गेला, खट्‌ झालं, आणि तो तिच्या मागोमाग जिना उतरला. बसमध्ये तो बहिणीच्या लहानपणाबद्दल बोलत होता. तीही ऐकत होती.

नणंदेचं हाड मोडलं नव्हतं, मुका मार होता. तिला घरी पोचवून, स्वयंपाक करून ठेवून दोघं परतली तेव्हा संध्याकाळ होत आली होती. जिन्याच्या वरच्या पायरीवर ती थांबली.

घरातून आवाज येत नव्हता.

तिनं त्याच्याकडे बघितलं. तो कुलपाला किल्ली लावत होता, आणि किल्ली फिरेना, कारण त्याचा हात थांबला होता. त्याचे डोळे पेटीवर होते.

"अगं," तो म्हणाला.

त्यानं स्विच वर केला. पंखा फिरला, ट्यूब दोनदा लुकलुकून लागली. टेबलाखालून खडा चावल्यासारखा आवाज आला, मग पुन्हा, मग पुन्हा, अगदी एका ठेक्यात. पडदा काळा राहिला. वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांची एक ओळ आली आणि तिथेच थांबली.

तो खुर्चीवर बसला. "मला शिव्या दे."

"शिव्यांनी चालू होत असता तर दिल्या असत्या."

"बटणावर कागद मीच लावला गं. मीच."

"हो. अक्षर पण छान आलंय."

त्यावर त्यानं डोळे पुसले. तिनं पुसले नाहीत. ती मशीनजवळ गेली, फ्रेम सोडवली. पक्ष्याला एकच पंख झाला होता. तिनं मागचे दोरे नीट कापले, जणू पूर्ण झालेलाच आहे.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवाला आला. डबा पुन्हा उघडला, डिस्क हातात धरून कानाशी नेली, आणि हळूच खाली ठेवली. तो म्हणाला, "काका, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आज नाही तर पुढच्या आठवड्यात गेलीच असती. कुणी स्विच पाडला नसता तरी."

"हे तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय."

"नाही. खरं आहे."

लाइनमनचा विश्वास बसला नाही, आणि त्याचा बसणार नाही हे तिला दिसत होतं. उरलेलं आयुष्य तो दर वेळी त्या पेटीकडे बघून दार ओढणार होता. तिला त्याची दया आली. स्वतःची आली नाही, तिला एवढंच वाटलं की निर्णय घ्यायला आता काही उरलंच नाही. इतके दिवस जपून ठेवलेलं हो-नाही कुणीतरी उचलून नेलं.

"मग नवी सिस्टिम टाकू का?" कॉम्प्युटरवाल्यानं विचारलं. "ती नवी डिस्क माझ्याकडे आहेच. काकूंना फॉर्म वगैरे भरता येतील."

"टाका," ती म्हणाली.

"मशीनचं काय करणार?"

"राहू दे तिथे. त्यावर कपड्यांच्या घड्या ठेवता येतील."

दुपारपर्यंत पडदा उजळला. रंग वेगळे, अक्षरं मोठी, टेकडी नव्हती. कॉम्प्युटर खरंच पळत होता, काहीच आवाज करत नव्हता. कॉम्प्युटरवाल्यानं तिला माउस हातात दिला. ती इकडे तिकडे फिरवत बसली. कुठे दाबायचं ते कळत नव्हतं, आणि दाबावंसं तिथे काही नव्हतं. लेकीचा फोन आला, तिनं उचलला आणि म्हणाली, "टाकली बाई." लेकीला वाटलं आई हसतेय, म्हणून तीही हसली.

फोन ठेवून तिनं झालेल्या बिल्ल्यांची थप्पी पिशवीत भरली. एका पंखाचा पक्षी तिनं बाजूला काढला, मग विचार बदलून तोही पिशवीत टाकला, मग पुन्हा काढला आणि टेबलावर ठेवला. नवरा बघत होता.

शाळा सुटायच्या आत हेडक्लार्कबाईंना गाठायचं होतं. झालेले बिल्ले त्यांच्या हाती द्यायचे आणि उरलेले बाहेरून छापून घ्या, असं सांगायचं.