डाव्या पायाचा अंगठा

वेड्यावाकड्या दातांना तारा बसवण्याआधी काही दात काढावे लागतात, आणि ते आमच्या मामांशिवाय निघतच नाहीत, निदान तेलुगू मुलखातल्या आमच्या चिक्कडपल्लीत तरी नाहीत, असं मी छातीठोकपणे सांगते. मामा दातांचे डॉक्टर नव्हेत, सरकारी कचेरीतले साधे नोकरदार. पण आमच्या घराण्यात दातांची अशी दाटी, की सारखे कुणा ना कुणा भाच्याचे दोन-चार काढून बाकीच्यांना जागा करून द्यावी लागे, आणि त्या मोहिमेचे सेनापती मामा. सकाळी ते चिंचेच्या आंबट खट्ट्याबरोबर पोटभर खिचडी खाऊ घालत. "रिकाम्या पोटी भीती जास्त चढते," हे त्यांचं शास्त्र. इंजेक्शनच्या वेळी खुर्चीच्या पायथ्याशी उभे राहून फर्मावत, "नक्को घाबरू गं! डाव्या पायाचा अंगठा हलव. जीव अंगठ्यात गुंतला की दाताकडं बघायला फुरसत कुठं?" डॉक्टरीणबाई आधी हसल्या, मग स्वतःच सगळ्या पेशंटांना अंगठा हलवायला सांगू लागल्या.

दात निघाला की कापसाचा बोळा घट्ट चावून गप्प बसायचं. तेवढा वेळ आमच्या वतीनं मामा बोलत. माझ्या डोळ्यांत पाणी आणि हे सांगतायत, "ती म्हणते, मुंगी चावल्यासारखंसुद्धा वाटलं नाही!" बाहेर त्यांचे शेजारी आणि त्याच कचेरीतले जिवलग दोस्त रावगारू आइस्क्रीम घेऊन उभे. "ती म्हणते, दोन पाहिजेत," असं सांगून दुसरं मामा स्वतः खात.

माझे दात निघाले त्याच सुमारास राज्याची वाटणी होऊन एकाची दोन राज्यं झाली. कचेरीतली माणसंही वाटली जाणार होती, आणि रावगारूंचं गाव पडलं नव्या हद्दीच्या पलीकडं. मामांना मात्र पक्की खात्री. "राव कुठं जातोय! माझ्या डब्यातली भाजी मग खाणार कोण?" विचारील त्याला ते हेच ऐकवत. शेवटी रावगारूंची नेमणूक पलीकडंच झाली.

निघायच्या सकाळी गल्लीत सामानाचा ट्रक उभा होता. रावगारू मामांजवळ येऊन म्हणाले, "वेळ्ळोस्ता." म्हणजे आपल्यासारखंच, जाऊन येतो. जगाच्या वतीनं बोलणारे मामा कापसाचा बोळा चावल्यासारखे जबडा आवळून उभे. मी खाली पाहिलं, तर चपलेत डाव्या पायाचा अंगठा जोरजोरात हलत होता.

मीच पुढं झाले.

"अंकल, मामा बोलरे, जल्दी आना."

मामांनी मान हलवली. ट्रक कोपऱ्यावर वळून गेला तरी अंगठा काही थांबला नाही.